ताप माणसाचा, घर जनावराचं

१९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को शहर कोसळलं, जळलं आणि ढिगाऱ्यांत उंदीर माजले. प्लेग त्या शहरात आधीच एकदा येऊन गेला होता. तो पुन्हा उसळला आणि शहराबाहेरच्या माळरानावर, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींपर्यंत पोचला. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले डॉक्टर जॉर्ज मॅकॉय अशा खारी पकडून आणून फाडून बघत. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या टुलारी परगण्यातल्या खारींमध्ये त्यांना प्लेगसारखीच लक्षणं दिसली, पण प्लेगचा जिवाणू काही केल्या सापडेना. पुढच्या वर्षी त्यांनी आणि चार्ल्स चॅपिन यांनी अंड्याच्या बलकावर एक निराळाच जिवाणू वाढवून दाखवला आणि त्याला परगण्याचं नाव दिलं. प्लेगच्या शोधात हाती लागलेला हा आजार म्हणजे टुलारेमिया.

खारींचा हा आजार माणसालाही होतो, हे कळायला फार वेळ लागला नाही. १९१४ मध्ये सिनसिनाटी शहरात मांस कापण्याचं काम करणाऱ्या एका माणसाचा डोळा सुजला, मानेला गाठी आल्या आणि त्या डोळ्यातून हाच जिवाणू निघाला. युटा राज्यातले शेतकरी उन्हाळ्यात येणाऱ्या एका तापाचा दोष चावऱ्या माश्यांना देत. एडवर्ड फ्रान्सिस तिथे गेले, शेतकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं आणि खारी, ससे, माश्या, माणसं यांना जोडणारी साखळी त्यांनी उलगडली. टुलारेमिया हे नाव त्यांनीच रूढ केलं. या संशोधनात त्यांना स्वतःलाही हा आजार जडला. पुढे जिवाणूच्या कुळाला त्यांच्यावरून फ्रान्सिसेला म्हणू लागले. जपानात फुकुशिमाकडे रानसशांची शिकार करणाऱ्यांमध्ये असाच ताप दिसत होता. तिथले डॉक्टर हाचिरो ओहारा यांनी १९२५ मध्ये मेलेल्या सशाचं रक्त आपल्या पत्नीच्या हातावर, तिच्या संमतीनं, चोळलं. तिला ताप आला आणि काखेत गाठी उठल्या. आजची कुठलीही नीतिसमिती हा प्रयोग होऊ देणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण जगभरच्या ग्रंथांत प्रयोग ओहारांच्या नावानं लागला, आजार सोसणारी मात्र कंसात राहिली, हेही नोंदवायला हवं.

आजाराचं रूप जिवाणू कुठल्या दारानं आत शिरला त्यावर ठरतं. ससा सोलताना बोटाला ओरखडा गेला, किंवा गोचीड अथवा माशी चावली, तर तिथे न भरणारा व्रण होतो आणि जवळचं अवधाण सुजून दुखू लागतं. दूषित पाणी प्यायलं तर घसा आणि मानेच्या गाठी धरतात. रक्ताचा हात डोळ्याला लागला तर डोळा. धुळीतून श्वासावाटे गेला तर थेट न्यूमोनिया, आणि तो सर्वांत घातक. त्वचेतून किंवा श्वासातून शिरताना जेमतेम दहा-वीस जिवाणू पुरतात. शरीरात शिरलेले जंतू गिळून संपवणं हे ज्या पांढऱ्या पेशींचं काम, त्यांच्याच पोटात हा जिवाणू जगतो आणि वाढतो. पेनिसिलीन त्याला लागू पडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही जुनी औषधं चांगली लागू पडतात. रोग्याच्या सहवासातून दुसऱ्या माणसाला हा आजार झाल्याची उदाहरणं नाहीत. जिवाणूच्या दृष्टीनं माणूस म्हणजे रस्ता संपला ते ठिकाण.

अमेरिकेत १९३९ साली टुलारेमियाचे सुमारे २,३०० रुग्ण नोंदले गेले. मंदीच्या त्या दशकात गरीब घरांत रानसशाचं मांस हा स्वस्त आधार होता. शिकारी, मांस विकणारे आणि सशाची साफसफाई करणाऱ्या बायका आजारी पडत. आता तिथे वर्षाला साधारण दोनशेच्या आसपास रुग्ण असतात. यातलं श्रेय औषधांना फार थोडं जातं, कारण औषधानं आजार बरा होतो, लागण थांबत नाही. ससे सोलणारे हात कमी झाले, हे खरं कारण.

उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण पट्ट्यातला हा आजार. भारतातल्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा नव्हे. तरीही मराठी वाचकानं त्याच्याकडे बघावं असं मला वाटतं, कारण जनावरांतले जिवाणू माणसांत कसे येतात याचा इतका स्वच्छ नकाशा दुसऱ्या आजारात क्वचितच मिळतो. दुर्दैवानं या जिवाणूची चर्चा होते ती बहुधा शस्त्र म्हणून. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही तो आपापल्या जैविक शस्त्रांच्या कोठारात ठेवला होता. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला की ५० लाख वस्तीच्या शहरावर ५० किलो जिवाणू फवारले तर अडीच लाख लोक आजारी पडतील आणि १९ हजार मरतील. हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. पण प्रत्यक्षात या आजाराच्या मोठमोठ्या साथी घडल्या त्या कुणीही काही न फवारता.

१९४२ चं स्टालिनग्राड घ्या. त्या काळात दक्षिण रशियात टुलारेमियाचे हजारो रुग्ण झाले, त्यात दोन्ही बाजूंचे सैनिक होते. सोव्हिएत जैविक शस्त्र प्रकल्पातले माजी अधिकारी केन अलिबेक यांनी १९९९ मध्ये, अमेरिकेत गेल्यावर लिहिलेल्या पुस्तकात, ही साथ लाल सैन्यानं मुद्दाम सोडली असावी असा संशय व्यक्त केला. तो बराच गाजला. मात्र इतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की स्टालिनग्राडच्या लढाईला तोंड फुटण्यापूर्वीच शेजारच्या रोस्तोव्ह भागात साथ सुरू झाली होती, आणि तिचं कारण शेतातच उभं होतं. माणसं लढाईवर गेली, पीक कापायला कुणी उरलं नाही. उभ्या धान्यावर उंदरांची बेसुमार पैदास झाली, थंडी पडताच ते खंदकांत आणि घरांतल्या पेंढ्यात शिरले, आणि त्या पेंढ्यावर झोपणाऱ्यांच्या छातीत दूषित धूळ गेली. (त्याच हिवाळ्यात पेंढ्याखाली झाकून ठेवलेल्या जर्मन रणगाड्यांच्या तारांची वेष्टणं उंदरांनी कुरतडली आणि ऐन वेळी बरेच रणगाडे सुरूच झाले नाहीत, असं लष्करी इतिहासकार सांगतात.) मला हे दुसरं स्पष्टीकरण पटतं. कटाची गोष्ट चटकन रंगते. न कापलेल्या शेताची गोष्ट रंगत नाही, पण ती पुन्हा पुन्हा घडते.

कोसोवोत ती घडली. १९९९ च्या वसंतात लाखो लोक गावं सोडून पळाले आणि उन्हाळ्यात परतले. मधल्या काळात जळक्या, उघड्या घरांतल्या धान्यावर उंदीर पोसले होते, विहिरींत मरून पडले होते. हिवाळ्यापर्यंत गावोगाव लोकांच्या घशाला आणि मानेला सूज येऊ लागली. पुढच्या काही महिन्यांत ३२७ जणांचं निदान रक्ततपासणीनं पक्कं झालं. त्यांना आजार झाला होता तो घरात साठवलेल्या अन्नातून आणि पिण्याच्या पाण्यातून.

आणि तीच गोष्ट, वेगळ्या जिवाणूची, आपल्या मराठवाड्यात घडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्याचे हादरे बसलेल्या भागात भीतीनं लोक जुन्या घरांबाहेर, पत्र्याच्या निवाऱ्यांत राहू लागले. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, घरांत पिसवांचा सुळसुळाट झाला आणि मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या. भारतात १९६६ नंतर प्लेगचा रुग्ण नोंदलाच गेला नव्हता, त्यामुळे तो ओळखणारे डॉक्टर फारसे उरले नव्हते. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. निदानावरून तज्ज्ञांत मोठा वाद झाला, परदेशांनी विमानं बंद केली, आणि या गदारोळात मामला मागे पडलं. आजही १९९४ चा प्लेग म्हटलं की सुरत आठवते. शिकण्यासारखं मात्र मामल्यात जास्त होतं. रिकामी घरं, भरलेल्या कणग्या, उंदरांची वाढ, मग त्यांचं मरण, मग पिसवा, मग माणूस. एकेक पायरी आठवडे आधी डोळ्यांना दिसत होती.

आपल्या पणजोबांच्या पिढीला ही पायरी ठाऊक होती. १८९६ मध्ये मुंबईत, मांडवीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला त्यानंतरच्या वर्षांत ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द ऐकून गावं बाहेर झोपड्यांत जात. उंदरापासून माणसापर्यंत प्लेग पिसू आणते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगानं दाखवलं; वैद्यकातल्या बड्या मंडळींनी ते मान्य करायला पुढची कित्येक वर्षं घेतली. सरकारनं मात्र घरांत घुसून झडत्या, सक्तीचं विलगीकरण आणि फिनेलची फवारणी असा सगळा जोर माणसांवर लावला. पुण्यात त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. उंदरावर तेवढा जोर कुणी लावला नाही.

भूकंप आणि युद्धं रोज होत नाहीत. रोज असतं ते काम. १९६६-६७ च्या हिवाळ्यात स्वीडनच्या उत्तर भागात सहाशेहून अधिक लोकांना टुलारेमिया झाला, बहुतेक शेतकरी. गुरांसाठी रचलेलं वाळलेलं गवत हलवताना त्यातल्या मेलेल्या रानउंदरांची धूळ त्यांच्या नाकात गेली होती. २००० साली अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर पंधरा जणांना तो झाला, त्यांतल्या अकरा जणांना न्यूमोनियाच्या रूपात. एक जण दगावला. तपासात कळलं, हिरवळ कापणं आणि झुडपं छाटणं ही कामं केलेल्यांना धोका जास्त होता. श्रीमंतांच्या सुट्टीच्या बेटावर आजारी पडत होते ते तिथली बाग राखणारे.

इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या परंपरागत प्रश्नांत एकाची भर घातली: तू काम काय करतोस? जनावरांकडून येणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत हा प्रश्न कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा उपयोगी आहे. या आजारांची सुरुवात ताप, अंगदुखी, डोकेदुखी अशी एकसारखी असते. सरकारी रुग्णालयात किंवा नाक्यावरच्या दवाखान्यात गर्दीच्या वेळी हा प्रश्न गाळला जातो, किंवा केसपेपरवर ‘मजूर’ एवढंच लिहिलं जातं. पण हा मजूर गटारात उतरतो, भात लावतो, की शेळ्या सोडवतो, यावर त्याच्या तापाचं नाव ठरू शकतं.

शेळ्या सोडवणाऱ्याचा ताप बहुधा ब्रुसेलोसिस. पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. शेतकरी म्हणतो गाय गाभडली. शेवटच्या महिन्यांत गर्भ पडतो, वार अडकते, आणि घरचा माणूस किंवा दवाखान्याचा परिचर उघड्या हातानं ती ओढून काढतो. त्या वारेत आणि स्रावात जिवाणू खच्चून भरलेले असतात. महिना-दोन महिन्यांनी त्या माणसाला संध्याकाळचा ताप, घाम, कंबरदुखी सुरू होते. टायफॉइड म्हणून, मलेरिया म्हणून, टीबी म्हणून उपचार होत राहतात. खरा इलाज दोन औषधं मिळून किमान सहा आठवडे.

डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत हा जिवाणू शोधला. तो येतो कुठून याचं उत्तर मिळायला आणखी अठरा वर्षं गेली, कारण दारोदार नेऊन जिथल्या तिथे दूध काढून द्यायच्या त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी त्यांचं रक्त तपासलं. लष्करानं शेळीचं दूध बंद केलं आणि बराकींतला ताप झपाट्यानं ओसरला. बेटावरचे सामान्य लोक तेच दूध पुढे कित्येक वर्षं पीत राहिले. आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक आजही ऐकू येतं, अलीकडे तर ‘नैसर्गिक’ म्हणून शहरांतही. चहासाठी दूध उकळण्याच्या सवयीनं महाराष्ट्रातल्या कुटुंबांना आजवर किती वाचवलंय याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण ते श्रेय मोठं असणार.

बऱ्याच देशांनी ब्रुसेलोसिस संपवला तो बाधित गाई शोधून कापून. महाराष्ट्रात गोहत्याबंदीमुळे ते सहजासहजी होत नाही, आणि बाधित गाय गुपचूप बाजारात विकली जाणं हा त्याचा न बोलला जाणारा परिणाम. तेव्हा उरते लस. २०१९ मध्ये केंद्रानं लाळ्या-खुरकुतासोबत ब्रुसेलोसिसचाही राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदा ही लस टोचायची असते. लस जिवंत जिवाणूची आहे. अंगाला झटके देणारी कालवड धरताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. हातमोजे आणि चष्मे वेळेवर पोचणं हा या कार्यक्रमाचा दुय्यम तपशील नव्हे. चीनमधल्या लांझोऊ शहरात २०१९ मध्ये ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर पडणाऱ्या वायूत जिवाणू जिवंत राहिले आणि परिसरातल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या.

लेप्टोबद्दल, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसबद्दल, कोकणात आणि मुंबईत वेगळं सांगायला नको. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रपिंडात हा जिवाणू बसतो, लघवीतून चिखलात येतो आणि भेगाळलेल्या टाचेतून, खरचटलेल्या नडगीतून माणसात जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण रुग्णालयांत भरले. आता पाणी तुंबलं की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावी, असं मुंबई महापालिका सांगत असते. सूचना चांगली आहे. पण ती वाचणाऱ्यापेक्षा गटार साफ करणाऱ्याला, तबेल्यात राबणाऱ्याला आणि सिंधुदुर्गात चिखलणी-लावणीला महिनाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईला तिची गरज जास्त आहे. गमबूट घालून भात लावता येत नाही.

स्क्रब टायफसनं २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात डॉक्टरांना गाठलं. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो येतो आणि चाव्याच्या जागी, बहुधा कपड्यांखाली झाकलेल्या जागी, काळी खपली धरते. ती बघायची तर रोग्याला नीट तपासावं लागतं. अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांची काळपुळी, हे आणखी निराळं प्रकरण. त्याची बीजं जमिनीत दशकानुदशकं टिकतात. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात सायबेरियातल्या यमाल भागात गोठलेली जमीन वितळली, दोन हजारांवर रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. रेनडिअरना लस देणं तिथे २००७ मध्येच, रोग उरला नाही म्हणून, थांबवलं होतं.

टुलारेमिया, प्लेग, लेप्टो, स्क्रब टायफस, ब्रुसेलोसिस या सगळ्यांवर डॉक्सिसायक्लिन चालतं, काहींवर एकटं, काहींवर जोडीनं. स्वस्त गोळी आहे. रुग्ण मरतात ते बहुधा गोळी नसल्यानं नव्हे, तर तापाचं मूळ गोठ्यात किंवा बिळात असेल हे वेळेत कुणाच्या मनात न आल्यानं. म्हणून माझ्या मते खरी उणीव माहितीच्या वाटेवर आहे. नेदरलँड्ससारख्या देशातही ती दिसली. तिथे २००५ पासून दुधाच्या शेळ्यांचे कळपच्या कळप क्यू तापाच्या जिवाणूमुळे गाभडत होते; पशुवैद्यांना ते ठाऊक होतं. २००७ मध्ये आसपासच्या गावांत माणसांना न्यूमोनिया होऊ लागला. शेळ्यांना सक्तीची लस आणि बाधित गोठ्यांतल्या गाभण शेळ्या मारण्याचा निर्णय २००९ मध्ये झाला. तोवरच्या आणि पुढच्या वर्षभरातल्या मिळून चार हजारांवर रुग्णांची नोंद झाली, पन्नास हजारांहून अधिक शेळ्या गेल्या.

आपल्याकडे गाभडलेल्या गाई-शेळ्यांची माहिती पशुसंवर्धन खात्याकडे आणि तापाच्या रुग्णांची आरोग्य खात्याकडे जाते. नागपुरात ‘वन हेल्थ’ची, म्हणजे माणसं आणि जनावरं यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी, राष्ट्रीय संस्था उभारण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये पायाभरणी झाली. प्रयोगशाळा, यंत्रं, जनुकीय तपासण्या हे सगळं तिथे लागेलच. त्याआधी एक बिनखर्चाचं काम तालुक्याच्या पातळीवर आजच सुरू करता येईल: पशुवैद्यकीय दवाखान्यानं दर सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं, कोणत्या गावात किती जनावरं गाभडली आणि कुठे उंदीर मरून पडले.